चाणक्यपुरीतलं १८०४०: आपल्याकडचं पहिलं डब्ल्यूडीएम-२

नीरेकर
मंडळी, गेल्या महिन्यात कामानिमित्त दिल्लीला गेलो होतो, सोबत मुलगी होती. एक अख्खी दुपार चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात काढली. गर्दी नेहमीसारखी पतियाळाच्या मोनोरेलभोवती आणि छोट्या गाडीच्या रांगेत होती. मी मात्र एका डिझेल इंजिनापुढं खिळलो. अंगावर आकडा १८०४०. डब्ल्यूडीएम-२ या मालिकेतलं सगळ्यात पहिलं इंजिन.

माझं आजोळ नीरेला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. रात्री कोल्हापूरकडे जाणारी गाडी सुटायची तेव्हा आधी शिट्टी, मग क्षणभर काहीच नाही, मग एकदम घशातून आल्यासारखा घरघराट. खिडकीची तावदानं थरथरायची. आजी म्हणायची, "सुटली गं बाई, झोपा आता." तो आवाज याच जातीच्या इंजिनाचा. इतकी वर्षं ऐकला, पण इतक्या जवळून, इतकं निवांत उभं राहून मी ते इंजिन कधी पाहिलंच नव्हतं. स्टेशनात ते नेहमी जायच्या घाईत असायचं.

आता मुद्द्याचं. मुलगी खाली वाकून चाकं बघत होती. म्हणाली, "बाबा, याची चाकं सारख्या अंतरावर नाहीत. दोन जवळ आहेत आणि एक लांब." मी बघितलं तर खरंच! पुढच्या बोगीतही (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातही) तसंच, मागच्यातही तसंच. मला उत्तर देता आलं नाही. इथं रेल्वेतली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. चाकांचं कोडं सोडवाच, पण या इंजिनाचा इतिहासही ज्याला जो ठाऊक आहे तो लिहा. संग्रहालयातल्या पाटीवर चार ओळींत काय मावणार?

रूळावरून
धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. चाकांचं शेडमधली माणसं सांगतील, मी इतिहासाची सुरुवात करतो.

आपल्या मोठ्या मार्गांवर डिझेल आलं ते १९५७-५८ मध्ये. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-१ ही १०० इंजिनं घेतली, मुख्यतः पूर्वेकडच्या कोळसा आणि लोहखनिजाच्या मालगाड्यांसाठी. त्यांना एकाच टोकाला केबिन होती, त्यामुळं प्रत्येक फेरीनंतर तोंड फिरवायची कटकट. (नव्या लोकांसाठी: पहिलं अक्षर ब्रॉडगेज, दुसरं डिझेल, तिसरं मिश्र, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही कामांचं.)

त्यानंतर रेल्वेनं पुढचा विचार केला. आयात किती काळ करणार? कारखाना आपलाच हवा. १९६२ च्या सुमारास दोन अमेरिकन कंपन्यांची इंजिनं आली. जनरल मोटर्सचं ते डब्ल्यूडीएम-४ आणि अल्कोचं ते डब्ल्यूडीएम-२. ताकद दोन्हींची जवळपास सारखी, २६०० अश्वशक्तीच्या घरातली. नंबरही एकाच १८००० च्या मालिकेतले. जनरल मोटर्सचं इंजिन चांगलं होतं, वाईट कुणीच म्हणणार नाही. पण तंत्रज्ञान द्यायला ती कंपनी तयार झाली नाही, अल्को झाली. त्या एका गोष्टीवर पुढची चाळीस वर्षं ठरली.

वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून पहिलं इंजिन ३ जानेवारी १९६४ ला बाहेर पडलं. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ते देशाला अर्पण झालं. नंबर १८२३३, नाव 'कुंदन'. सुरुवातीला अमेरिकेहून आलेले सुटे भाग इथं जोडायचे, मग हळूहळू एकेक भाग इथंच बनू लागला. जनरल मोटर्सची इंजिनं ७२ वर थांबली. डब्ल्यूडीएम-२ मात्र २६०० च्या वर बनली, १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बनत राहिली.

नीरेकर, तुम्ही आणखी थोडं फिरला असतात तर त्याच आवारात १८००१ दिसलं असतं. ते डब्ल्यूडीएम-४. म्हणजे तेव्हाचे दोन प्रतिस्पर्धी आज एकाच अंगणात उभे आहेत. मला संग्रहालयातली सगळ्यात मोलाची जोडी हीच वाटते.

शेडवाला
नमस्कार. डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आयुष्यभर अल्कोच केलं, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या लेकीची नजर फार चांगली आहे. आमच्याकडे नवे आलेले पोरगे सहा महिने ट्रॉलीखाली लोळायचे तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही.

त्या बोगीला ट्रायमाउंट म्हणतात. इंजिनाच्या अंगाचा भार बोगीवर तीन ठिकाणी टेकतो: मधे सेंटर पिव्हट आणि दोन बाजूंना दोन साइड बेअरर. साधारण ६० टक्के भार पिव्हटवर, २०-२० टक्के बाजूंवर. आता प्रत्येक ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्याला, स्वतःची ट्रॅक्शन मोटर आहे. डिझेल इंजिन जनरेटर फिरवून वीज बनवतं आणि त्या विजेवर ही मोटर चाकं फिरवते. ती मोटर अर्धी ॲक्सलवर बसते, तिचं नाक, म्हणजे दुसरं टोक, बोगीच्या फ्रेमला अडकवलेलं असतं. तीन मोटरी आणि मधला पिव्हट एवढ्या जागेत बसवायचा तर सगळ्या मोटरींची तोंडं एकाच दिशेला ठेवता येत नाहीत. एकीचं तोंड उलटं करावं लागतं. जिथं जास्त सामान मावायचं तिथं दोन ॲक्सलमधलं अंतर वाढतं, दुसरीकडं कमी होतं. म्हणून दोन चाकं जवळ, एक लांब.

याचा तोटाही होता. गाडी ओढायला सुरुवात केली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, मागच्यांवर वाढतो. सगळ्या इंजिनांत होतं हे, पण ट्रायमाउंटमध्ये जास्त. पावसात रूळ ओला असला की चाक जागच्या जागी फिरायचं. पुढं मालगाडीसाठी जी डब्ल्यूडीजी-३ए आली तिच्या बोगीत तिन्ही मोटरी एका दिशेला केल्या आणि पकड सुधारली.

आवाजाबद्दल सवडीनं लिहितो. त्याच्यावर मला बरंच लिहायचं आहे.

घाटमाथा
काका, फार सुंदर समजावलंत. एक शंका. जनरल मोटर्सचं इंजिन जास्त भरवशाचं होतं असं सगळे म्हणतात. हावडा–दिल्ली ही पहिली राजधानी १ मार्च १९६९ ला सुटली तेव्हा तिच्या पुढं डब्ल्यूडीएम-४ लावलं होतं, ताशी १२० किलोमीटरनं. १७ तास २० मिनिटांत प्रवास. मग केवळ कागदपत्रं मिळतात म्हणून दुसऱ्या क्रमांकाचं इंजिन चाळीस वर्षं वापरणं हे बरोबर झालं का? १९९५ मध्ये शेवटी जनरल मोटर्सशीच करार करावा लागला. तोच आधी केला असता तर?

रूळावरून
घाटमाथा, प्रश्न रास्त आहे, पण १९६२ मध्ये तो करार करायला समोरचा तयारच नव्हता. पर्याय होता तो आयात करत राहण्याचा. परकीय चलनाची तेव्हा काय ओढाताण होती ते आपल्या आईवडिलांना विचारा.

आणि पुढं काय झालं तेही बघा. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा अल्कोचा कारखाना बंद पडला. अल्को १९५३ पर्यंत जनरल इलेक्ट्रिकच्या भागीदारीत इंजिनं बनवायची, विजेचं सामान जनरल इलेक्ट्रिकचं. ती भागीदारी सुटली आणि जनरल इलेक्ट्रिक स्वतःच इंजिनं घेऊन बाजारात उतरली. एका बाजूला जनरल मोटर्स, दुसऱ्या बाजूला कालचा भागीदार. अल्को टिकली नाही.

समजा वाराणसीत फक्त जोडणीच होत असती, नकाशे आणि साचे नसते, तर १९६९ ला आपण कुणाकडं सुटे भाग मागितले असते? मूळ कंपनी गेली तरी तिचं २५१ इंजिन, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ च्या पोटातलं डिझेल यंत्र, इथं जगलं. १९७६ मध्ये टांझानियाला पहिली निर्यात झाली, नंतर आणखी देशांना. २६०० चं ३१०० अश्वशक्तीचं केलं, १९९४ मध्ये, आणि ते डब्ल्यूडीएम-३ए झालं. पतियाळाच्या कारखान्यात अर्धं आयुष्य झालेली इंजिनं उघडून नव्यासारखी करून द्यायचे. हे सगळं १८०४० च्या पोटातून निघालं. माझ्या मते त्या दिवशी निवड इंजिनाची नव्हती झाली, नकाशांची झाली, आणि ती अगदी बरोबर झाली.

दिल्लीत रमलेली
मी मूळची साताऱ्याची, पंधरा वर्षं इथं आहे. संग्रहालय माझ्या घरापासून लांब नाही, लेक लहान असताना दर दोन महिन्यांनी जायचो. हे १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालं, म्हणजे १८०४० तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचं, ऐन भरात कुठंतरी गाड्या ओढत असणार. आज ते संग्रहालयात आहे.

इतक्यांदा गेले, पण मी हे इंजिन नुसतं ओलांडून पुढं जायचे. वाफेच्या इंजिनांपुढं फोटो काढायचे. डिझेल म्हणजे रोजचं, त्यात काय बघायचं, असं वाटायचं. सातारा–पुणे कोयना एक्स्प्रेसनं कॉलेजच्या दिवसांत किती वेळा गेले असेन. पुढं कोणतं इंजिन आहे हे एकदाही पाहिलं नाही. या रविवारी जाणार आहे. काका, काय काय बघू ते सांगाल का?

शेडवाला
ताई, जरूर सांगतो.

आधी बाजूनं उभ्या राहा. केबिन मधे नाही, एका टोकाकडं आहे. तिच्या एका बाजूला छोटं नाक, तो शॉर्ट हूड. दुसऱ्या बाजूला लांबलचक पेटी, तो लाँग हूड. सगळं यंत्र त्या लांब पेटीत. केबिनला लागून जनरेटर, मग सोळा सिलिंडरचं इंजिन, व्ही आकारात आठ-आठ, मग ब्रेकसाठी हवा दाबणारा आणि व्हॅक्यूम करणारा एक्सप्रेसर, आणि शेवटी रेडिएटर आणि त्याचा पंखा. लाँग हूड पुढं करून गाडी चालवताना ड्रायव्हरला समोरचं अर्धंच दिसायचं. पलीकडच्या बाजूचा सिग्नल असिस्टंट ओरडून सांगायचा, ड्रायव्हर तो ओरडून परत म्हणायचा. पावसाळ्यात, घाटातल्या वळणावर, त्या दोन माणसांचं लक्ष किती लागत असेल त्याचा विचार करा.

दुसरं, लांब पेटीवरची छोटी छोटी दारं बघा. प्रत्येक दारामागं आमचं आयुष्य आहे. अल्कोची एक गोष्ट मला फार आवडायची. सोळाही सिलिंडरना हेड वेगवेगळं. एक हेड खराब झालं तर तेवढंच उघडा, बदला, लावा. अख्खं इंजिन उतरवायला नको. छोट्या शेडमध्ये, एका क्रेनवर, रात्रपाळीत दोघा-तिघांनी हेड बदलून सकाळच्या गाडीला इंजिन दिलंय आम्ही. जनरल मोटर्सचं इंजिन कमी बिघडत असेल, घाटमाथा, ते मी मान्य करतो. पण अल्को बिघडलं तर आमच्या हातानं दुरुस्त होत होतं. पाना घेऊन शिकलेल्या माणसाला ते समजायचं.

आता आवाज. हे इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नाही. जो जनरेटर गाडी ओढायला वीज बनवतो, त्यालाच बॅटरीचा करंट द्यायचा, म्हणजे तो उलटा मोटरसारखा फिरतो आणि इंजिनाला फिरवतो. बटण दाबून धरायचं, ल्यूब ऑइलचं प्रेशर येईपर्यंत सोडायचं नाही. आधी एक जड कण्हणं, मग एक सिलिंडर पेटतो, मग दोन, मग सगळे. बॅटरी कमजोर असेल तर हे होतच नाही, म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन बंद करायला कुणी धजायचं नाही. रात्रभर ढुग-ढुग चालू.

आणि नीरेकर, तुमच्या आजोळचा तो आवाज. शिट्टी, मग शांतता, मग घरघराट. ड्रायव्हरनं नॉच दिला, म्हणजे वेगाचं हँडल एक टप्पा पुढं केलं, की गव्हर्नर (डिझेलचं प्रमाण ठरवणारा भाग) डिझेल वाढवतो. पण टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, उत्सर्जित वायूवर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ डिझेल जास्त, हवा कमी. म्हणून आधी काळा धूर, आणि आवाज दबलेला. टर्बोनं वेग घेतला की हवा भरते, धूर पातळ होतो आणि इंजिन मोकळ्या घशानं ओरडतं. आठ नॉच असतात. शेडच्या बाहेर चहा पिता पिता आम्ही सांगायचो, आता चौथा दिला, आता पाचवा. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर तेही कानाला कळायचं.

नीरेकर
काका, अंगावर काटा आला. ती मधली शांतता म्हणजे टर्बो दम घेत होता, हे मला पन्नाशीत कळतंय.

कोकणी माणूस
आमच्याकडचं सांगतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झाली ती डिझेलवरच. लांब बोगदे असल्यानं धुराचा प्रश्न आधीपासून होता, कारबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. लांब बोगद्यांत हवा खेळती ठेवायला मोठे पंखे बसवले ते या धुरासाठीच. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेचा झाला. प्रवास स्वच्छ झाला, त्यात वाद नाही, माझ्या आईला दम्याचा त्रास आहे, तिला विचारा. पण पावसाळ्यात दरीपलीकडून इंजिन चढावर येतंय हे गाडी दिसायच्या पाच मिनिटं आधी कळायचं, ते गेलं. आता गाडी एकदम समोर येते.

घाटमाथा
रूळावरून, तुमचं म्हणणं पटलं. काकांचं जास्त पटलं. दुरुस्त करता येणं हा मुद्दा मी धरलाच नव्हता. १९७२ मध्ये मुंबई–दिल्ली राजधानी सुरू झाली ती डब्ल्यूडीएम-२ वरच, हेही मी आता शोधून वाचलं. म्हणजे तोवर आपल्या माणसांना त्याचा भरवसा आला होता.

एक विचारायचं होतं. २६०० च्या वर बनली म्हणता, मग जपली किती? काही ठिकाणी स्टेशनाबाहेर, कारखान्याच्या दारात उभी दिसतात. पण वाफेच्या इंजिनांइतकी आस्था दिसत नाही.

शेडवाला
त्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं, लिहितो.

डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षं. विजेचं काम झपाट्यानं झालं आणि पुष्कळ इंजिनं त्याच्या आधीच रिकामी झाली. आमच्या शेडमधली शेवटची काही भंगारात गेली तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. शेडचं नाव घेत नाही. एक इंजिन होतं, त्याचं शेवटचं मोठं काम माझ्या हातचं. साहेबांना आम्ही अर्ज दिला होता, एवढं एक दारात उभं करू द्या, रंग आम्ही पदरचा लावतो. उत्तर आलं नाही. मग एक दिवस गॅस कटर घेऊन ठेकेदाराची माणसं आली. आधी हूड कापला. मग केबिन. कंट्रोल स्टँडवरचं नॉचचं हँडल मी मागून घेतलं. तळहात लागून लागून पितळ गुळगुळीत झालेलं. किती ड्रायव्हरांचे हात! ते आज माझ्या घरी देवघराशेजारच्या फडताळात आहे. नातू ते धरून घर्र घर्र करतो.

म्हणून सांगतो, चाणक्यपुरीतलं ते एक उभं आहे ना, ते बघायला जा. आणि ज्यांच्या फोनमध्ये जुने व्हिडिओ आहेत, स्टेशनातले, घाटातले, ते पुसू नका. उभ्या इंजिनाचं तेल काढलेलं असतं, रबरी सील वाळतात, ते पुन्हा बोलत नाही. त्याचा आवाज आपल्यालाच सांभाळावा लागेल.

रूळावरून
काका, नमस्कार करतो तुम्हाला.

घाटमाथा, एक गोष्ट मात्र सुखाची झाली आहे. वाराणसीचा कारखाना बंद पडला नाही. त्याच अल्को घराण्यातली दोन डब्ल्यूडीजी-३ए इंजिनं घेऊन त्यांनी जोडीनं चालणारं १०,००० अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. वरून वीज, खाली जुना सांगाडा. आता तिथं मुख्यतः विजेची इंजिनं बनतात आणि २०२० पासून नावही बनारस रेल इंजिन कारखाना झालं.

दिल्लीत रमलेली
मंडळी, रविवारी जाऊन आले. लेक आता कॉलेजात आहे, तिला ओढून नेलं. काकांनी सांगितलं तसं आधी बाजूनं उभी राहिले, मग दारं मोजत लांब हूडच्या टोकापर्यंत चालत गेले. सतरा मीटर म्हणजे केवढं ते चालल्यावर कळतं. मग १८००१ पाशी गेले आणि पुन्हा १८०४० कडे आले. फरक केबिनमध्ये लगेच दिसतो. त्याची केबिन अगदी टोकाला, पुढं छोटा हूड नाही.

एक शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाई मुलांना "हे डिझेल इंजिन" एवढं सांगून पुढं निघाल्या होत्या. मी थांबवलं. चाकं दाखवली. दोन जवळ, एक लांब. वीस-पंचवीस पोरं खाली वाकून बघायला लागली. कारण सांगताना पिव्हटपर्यंत जमलं, मोटरीच्या नाकापाशी माझी गाडी अडली, पण बाईंनी फोनवर काकांची पोस्ट उघडून मोठ्यानं वाचली. पाचवीतली पोरं, एकानं विचारलं, "मग या मावशी इंजिनात काम करतात का?"

नीरेकर
ताई, फारच छान केलंत!

काका, लेकीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तिनं वहीत बोगीचं चित्र काढलंय: फ्रेम, मधे पिव्हट, बाजूला दोन बेअरर, तीन चाकं बरोबर त्या अंतरानं. पहिल्या आणि तिसऱ्या चाकाला मोटर दाखवली आहे, दोघींची तोंडं एकमेकींकडं. फोटो खाली जोडतोय. "काकांना विचार, बरोबर आहे का," असा निरोप आहे.

शेडवाला
चित्र पाहिलं. हात चांगला आहे पोरीचा. साइड बेअरर अगदी जागच्या जागी आलेत. फक्त तिला सांगा, मधल्या चाकालाही मोटर असते, ती राहिली. तिन्ही चाकं ओढतात. ती मोटर कुठं बसवायची ते तिलाच शोधू द्या, लांबचं अंतर कुठं आहे ते बघ म्हणावं. नाही जमलं तर मी काढून पाठवतो.